न झालेल्या कुस्तीचा निकाल

सांगली जिल्ह्यातल्या एखाद्या गावची यात्रा जवळ आली की यात्रा कमिटीपुढं एक काम असतं. पट्टी गोळा करण्यापेक्षाही ते अवघड: जोड लावणं. वरच्या दोन-तीन कुस्त्या आधीच ठरून पोस्टरवर छापलेल्या असतात, त्यांचं काही नाही. कस लागतो तो मधल्या आणि खालच्या कुस्त्यांत. आसपासच्या गावांतनं पोरं आलेली असतात आणि त्यातली बरीचशी एकमेकांशी कधीच खेळलेली नसतात. कमिटीतला कुणीतरी दोघांचे मनगट धरून त्यांना मैदानात फिरवतो आणि कडेला बसलेला एखादा जुना वस्ताद बसल्या जागेवरनं सांगतो, "न्हाई जमायची ही जोड. ते उजवीकडचं लई भारी पडंल."

आता ही कुस्ती झालेलीच नाही. मग निकाल त्याला कसा कळला? विचारलं तर तो सांगेल की उजवीकडच्यानं मागं पलूसच्या पोराला पाडलं होतं, पलूसच्यानं तासगावच्याला, आणि डावीकडचा तर तासगावच्याकडनंच चीत झालेला. सुट्या सुट्या जोड्यांचे निकाल ठाऊक असले की न झालेल्या जोडीचा निकाल काढता येतो. मानसशास्त्रात याला ट्रान्झिटिव्ह इन्फरन्स म्हणतात.

एवढं तर शाळेतल्या पोरालाही कळतं, असं वाटेल. खरं आहे, पण ते पोराला नेमकं कसं कळतं यावर माणसं शंभरेक वर्षं डोकं खपवत आहेत. आणि जे उत्तर पुढं येतंय ते आपण स्वतःबद्दल जे गृहीत धरतो त्याच्या बरंच उलटं आहे.

आधी प्रयोगाची मांडणी बघू, कारण तिच्यात एक सुंदर खाच आहे. समजा, पाच पैलवान आहेत आणि त्यांची ओळख फक्त लंगोटाच्या रंगावरनं: लाल, निळा, हिरवा, पिवळा, भगवा. तुम्हाला चारच गोष्टी शिकवल्या. लाल निळ्याला भारी. निळा हिरव्याला भारी. हिरवा पिवळ्याला भारी. पिवळा भगव्याला भारी. त्याही ओळीनं नाही, उलट्यासुलट्या, मिसळून, पुन्हा पुन्हा. एका वेळी दोनच रंग दाखवायचे, भारी कोण ते विचारायचं आणि चूक-बरोबर सांगायचं. चारही जोड्या पाठ झाल्या की अचानक न दाखवलेली जोडी पुढं करायची: निळा आणि पिवळा. कोण भारी?

पाचच का? तीन का नाहीत? तीन घेतले तर न दाखवलेली जोडी एकच उरते, पहिला आणि तिसरा. त्यात पहिला कधीच हरलेला नाही आणि तिसरा कधीच जिंकलेला नाही. तिथं डोकं लावायची गरजच नाही, 'जिंकणारा तो' एवढं आठवलं तरी उत्तर बरोबर येतं. चार घेतले तर मधले दोघं एकमेकांचे शेजारी, म्हणजे ती जोडी शिकवलेलीच असते. पाच घेतले की पहिल्यांदा अशी जोडी सापडते जी नवी आहे आणि जिच्यातले दोघंही एकदा जिंकलेत, एकदा हरलेत. निळा लालकडून हरतो आणि हिरव्याला पाडतो. पिवळा हिरव्याकडून हरतो आणि भगव्याला पाडतो. हिशेब बरोबरीत. तरीही कुणी 'निळा' म्हणालं, तर ते नुसत्या जय-पराजयाच्या आठवणीवर आलेलं नाही हे नक्की. प्रयोग कसा रचावा याचा नमुना म्हणून मी ही मांडणी कुणाच्याही पुढं ठेवीन.

या खाचेला महत्त्व आलं ते लहान मुलांमुळं. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांचं म्हणणं होतं की साधारण सात वर्षांच्या आतल्या मुलाला अशी अनुमानं जमत नाहीत, कारण दोन विधानं एकत्र धरून तिसरं काढण्याची तार्किक घडणच त्या वयात तयार झालेली नसते. कित्येक वर्षं हेच शिकवलं गेलं. 1971 मध्ये पीटर ब्रायंट आणि टॉम ट्राबासो यांनी साधी शंका काढली: मुलाला तर्क येत नाही की आधी सांगितलेलं आठवतच नाही? त्यांनी पाच रंगांच्या, वेगवेगळ्या लांबीच्या काठ्या घेतल्या आणि त्या एका पेटीत अशा उभ्या केल्या की सगळ्यांची टोकं सारखीच वर दिसावीत. म्हणजे लांबी डोळ्यांना दिसत नाही, रंग तेवढा दिसतो. चार जोड्या मुलांकडून अगदी घोटून घेतल्या. मग दुसऱ्या आणि चौथ्या काठीचा प्रश्न विचारला. चार वर्षांची मुलंही नुसत्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त वेळा बरोबर आली.

यावर पियाजेच्या बाजूनं असं उत्तर आलं की मुलांनी प्रश्न सोडवला हे खरं, पण तर्कानं नव्हे. त्यांनी काठ्या मनात रांगेत लावल्या आणि रांगेकडं बघून सांगितलं. मला हा आक्षेप मोठा गमतीचा वाटतो. कारण पुढं दिसलं ते असं, की मोठी माणसंही नेमकं तेच करतात.

हे कसं दिसलं? घड्याळावरनं. समजा, डोक्यात चार सुटी विधानं साठवली आहेत आणि गरज पडेल तशी आपण ती एकमेकांत अडकवत जातो. मग निळा-हिरवा सांगायला एक पाऊल, निळा-पिवळा सांगायला दोन आणि लाल-भगवा सांगायला चार पावलं लागतील. जितकं अंतर जास्त तितका वेळ जास्त, आणि चुकाही जास्त. प्रत्येक जोडी 90 टक्के खात्रीनं आठवत असेल तर चारही एकदम बरोबर आठवायची शक्यता 66 टक्क्यांच्या आसपास उतरते. साखळीचा हिशेब असा सांगतो.

प्रत्यक्षात उलटं होतं. लाल-भगवा सगळ्यात झटकन येतं. निळा-पिवळा हे कधीही न शिकवलेलं उत्तर, निळा-हिरवा किंवा हिरवा-पिवळा या घोटून घेतलेल्या उत्तरांपेक्षा बहुतेक वेळा लवकर आणि कमी चुकांनी येतं. जे शिकवलं त्यात माणूस अडखळतो आणि जे शिकवलंच नाही ते पटकन सांगतो! ट्राबासो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1975 मध्ये मुलांत आणि मोठ्यांत दोन्हीकडं हाच आकृतिबंध दाखवला.

त्याआधीच, 1967 मध्ये, रॉबर्ट मॉयर आणि थॉमस लँडॉअर यांना आकड्यांत हीच गोष्ट दिसली होती. 2 आणि 9 मध्ये मोठा कोण हे सांगायला 2 आणि 3 पेक्षा कमी वेळ लागतो. फरक सेकंदाच्या लहानशा अंशाचा, पण पुन्हा पुन्हा येणारा. पुढं मॉयर यांनी नुसती प्राण्यांची नावं वापरून तेच दाखवलं. तुम्ही आत्ता करून बघा. मुंगी आणि म्हैस, मोठं कोण? आता कोल्हा आणि लांडगा, मोठं कोण? दुसऱ्या प्रश्नाला डोळे क्षणभर वर गेले असतील. मुंगी आणि म्हैस कुणी शेजारी उभ्या करून दाखवल्या नव्हत्या, तरी तिथं विचारच करावा लागला नाही.

याचा सरळ अर्थ असा की मन जोड्या जोड्यांच्या रूपात ठेवत नाही. तालमीच्या मागं दोरीवर लंगोट वाळत घालावेत तसं ते प्रत्येकाला एका रेषेवर जागा देतं आणि प्रश्न आला की नुसतं बघून सांगतं. दोरीच्या दोन टोकांना असलेले दोन लंगोट लांबूनही वेगळे ओळखू येतात. शेजारी खेटून असलेल्यांत पुढचा कुठला नि मागचा कुठला, हे निरखून बघावं लागतं. वस्तादाला विचारल्यावर त्यानं पलूस-तासगावचा पाढा म्हटला खरा, पण तो बहुधा मागाहून जुळवलेला खुलासा असतो. उत्तर आधी येतं, कारणं नंतर गोळा होतात.

मग पुढचा प्रश्न: ही रेषा तयार कशी होते? रेषा कुणी दाखवली नव्हती, दाखवल्या होत्या त्या जोड्या. याचं एक उत्तर बुद्धिबळातून समजून घेता येतं. आर्पाद एलो या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञानं खेळाडूंना गुण द्यायची जी पद्धत बसवली ती जागतिक बुद्धिबळ संघटनेनं 1970 मध्ये स्वीकारली. तिचा गाभा एवढाच: जिंकणारा हरणाऱ्याकडून गुण घेतो, पण किती घेतो हे निकाल किती अनपेक्षित होता यावर ठरतं. वरच्यानं खालच्याला पाडलं तर थोडेच गुण, खालच्यानं वरच्याला पाडलं तर जास्त.

आपल्या पाच लंगोटांवर हे चालवून बघू. हिशेब मी सोपा केलाय. सगळ्यांना सुरुवातीला 100 गुण. बरोबरीच्या दोघांत जिंकणारा 10 घेतो, जिंकणारा आधीच दहाएक गुणांनी वर असेल तर 9, आणि तितकाच खाली असेल तर 11.

पहिली फेरी. लाल निळ्याला पाडतो: लाल 110, निळा 90. आता 90 वाला निळा 100 वाल्या हिरव्याला पाडतो, म्हणून 11 घेतो: निळा 101, हिरवा 89. तसाच हिरवा पिवळ्याकडून 11 घेऊन 100 वर येतो, पिवळा 89 वर उतरतो. पिवळा भगव्याकडून 11 घेतो: पिवळा 100, भगवा 89. एका फेरीनंतर लाल 110, निळा 101, हिरवा 100, पिवळा 100, भगवा 89.

दुसरी फेरी त्याच क्रमानं. लाल जिंकतो, पण ते अपेक्षितच होतं म्हणून 9 च मिळतात: लाल 119, निळा 92. निळा हिरव्याकडून 11 घेतो: 103 आणि 89. हिरवा पिवळ्याकडून 11: 100 आणि 89. पिवळा आणि भगवा आता दोघंही 89 वर, म्हणून 10: पिवळा 99, भगवा 79. शेवटी उभं काय राहिलं? लाल 119, निळा 103, हिरवा 100, पिवळा 99, भगवा 79.

नुसते जय-पराजय मोजले असते तर निळा, हिरवा, पिवळा तिघंही कायम बरोबरीत राहिले असते. 'अपेक्षेपेक्षा वेगळं झालं की जास्त बदल' एवढ्या एका नियमानं दोन फेऱ्यांत अख्खी रांग लागली. निळा-पिवळा ही कुस्ती कधी झालीच नाही, तरी निळा वर दिसतोय. शिवाय अंतरं बघा. लाल आणि निळ्यात 16, पिवळा आणि भगव्यात 20, पण मधे फक्त 3 आणि 1. टोकं मोकळी, मधली गर्दी. जोड्या उलट्यासुलट्या घेतल्या तर आकडे बदलतील आणि रांग लागायला जास्त फेऱ्या लागतील, पण टोकांना मोकळीक आणि मधे दाटी हे चित्र तसंच राहतं. माणसांच्या चुकांचाही आकार असाच असतो: पहिली आणि शेवटची जोडी लवकर पाठ होते, मधल्या जोड्यांत गोंधळ उडतो.

माणूस मनात हेच गणित मांडतो असं मात्र कुणी म्हणत नाही. बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात एक वेगळाच बारकावा पुढं आला. फक्त शेजारच्या जोड्यांचे निकाल कळत असतील, तर माणसं दोघांबद्दलचंही मत सारखं बदलत नाहीत. बहुतेक जण एकाच बाजूचं बदलतात, म्हणजे जिंकणाऱ्याला वर चढवतात आणि हरणाऱ्याला जवळजवळ तिथंच ठेवतात, किंवा याच्या उलट. ऐकायला हा पक्षपात वाटतो, पण माहिती अशी तुटपुंजी असताना रांग लावायला तो फायद्याचाच ठरतो. गावात कुस्तीनंतर जिंकणाऱ्याचा फेटा बांधून सत्कार होतो आणि हरलेल्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही, ते आठवलं.

गुणांच्या या हिशेबाला एक गोष्ट मात्र झेपत नाही. समजा, साताऱ्याकडच्या पाच पैलवानांची एक रांग तुम्हाला पाठ आहे आणि सांगलीकडच्या पाचांची दुसरी. दोन्ही रांगांचा एकमेकींशी संबंध नाही. मग एका मैदानात साताऱ्याच्या पाचातला सगळ्यात खालचा पैलवान सांगलीच्या पहिल्या नंबरच्याला चितपट करतो. एकच कुस्ती! पण ती बघितल्याबरोबर दोन्ही जिल्ह्यांच्या कट्ट्यांवर अख्खं चित्र पालटतं. साताऱ्याचे पाचही वर, सांगलीचे पाचही खाली. (सांगलीकरांनी उदाहरण हवं तर उलटं करून घ्यावं.) गुणांच्या हिशेबात त्या एका कुस्तीनं दोघांचेच आकडे हलले असते आणि बाकीचे आठ जण जिथल्या तिथं राहिले असते.

हाच प्रयोग अनोळखी वस्तूंची चित्रं घेऊन झालाय. ख्रिस्तोफर समरफील्ड यांच्या गटानं 2023 मध्ये तो प्रसिद्ध केला. माणसांना सहा-सहा वस्तूंच्या दोन रांगा वेगवेगळ्या शिकवल्या आणि नंतर थोडाच वेळ दोन रांगांना जोडणारी एकच जोडी दाखवली. बऱ्याच जणांनी तेवढ्यावर बाराही वस्तू एका रांगेत ओवल्या. मेंदूची प्रतिमा घेणाऱ्या यंत्रात तर ते दिसलंसुद्धा. आधी दोन रांगा एकमेकींना समांतर, दोन्हीकडचे पहिले नंबर सारखे, दोन्हीकडचे शेवटचे सारखे. जोडणारी जोडी दिसल्यावर त्या दोन समांतर रेषांची एकच लांब रेषा होते. म्हणजे 'रेषा' ही नुसती बोलायची सोय नव्हे.

आठवण आणि रेषा या दोन गोष्टी वेगळ्या असतात याचा जुना आणि भक्कम पुरावा उंदरांकडून आलेला आहे. 1997 मध्ये जेफ्री डुसेक आणि हॉवर्ड आयखेनबाउम यांनी उंदरांना पाच वासांच्या चार जोड्या शिकवल्या. वाळू भरलेल्या दोन वाट्या, प्रत्येकीच्या वाळूत वेगळा वास, आणि बरोबर वाटीत पुरलेला खाऊ. धडधाकट उंदीर न शिकवलेल्या दुसऱ्या-चौथ्या वासात बरोबर वाटी उकरायचे. ज्यांच्या मेंदूत हिप्पोकॅम्पस या भागाकडं जाणारे मार्ग तोडले होते ते उंदीर चारही जोड्या इतरांसारख्याच शिकले आणि दुसऱ्या-चौथ्या वासापाशी मात्र नुसता अंदाज करू लागले. पाठांतर शाबूत राहिलं आणि मांडणी गेली.

झोपेचाही यात हात आहे. हार्वर्डमधल्या एका गटाच्या 2007 च्या प्रयोगात जोड्या शिकल्यानंतर वीसच मिनिटांनी परीक्षा घेतलेल्यांना न शिकवलेल्या जोड्या जमल्या नाहीत. बारा तासांनी घेतलेल्यांना जमल्या. त्यातही लांब अंतराच्या जोड्यांत, मधे रात्रीची झोप झालेल्यांची उत्तरं 93 टक्के बरोबर आली आणि दिवसभर जागे असलेल्यांची 69 टक्के. शिकवलेल्या जोड्या मात्र दोघांनाही सारख्याच आठवत होत्या. हा नियम सगळीकडं लागू नाही. वरच्या दोन रांगांच्या प्रयोगात माणसांनी मिनिटांत फेरमांडणी केली. रेषा आधीच तयार असेल तर जोडायला वेळ लागत नाही आणि शून्यापासून उभी करायची असेल तर लागतो, असा माझा अर्थ.

उंदीर आले म्हटल्यावर बाकीच्यांनाही बोलवावं. माकडं हे करतात, कबुतरं करतात. अमेरिकेतला पिन्यन जे नावाचा निळा, थव्यानं राहणारा पक्षी तर आपल्या वस्तादाच्या जातीचा निघाला. 2004 च्या प्रयोगात एका पक्ष्यानं बघितलं की आपल्यावर वरचढ असलेला पक्षी एका परक्या पक्ष्यापुढं नमला. नंतर त्या परक्याशी गाठ पडल्यावर त्यानं सुरुवातीपासूनच नमतं घेतलं. अंगावर घेऊन मार खाऊन शिकायची गरज उरली नाही. टांगानिका सरोवराकडच्या एका माशाचे नर दुसऱ्या नरांच्या मारामाऱ्या काचेपलीकडनं बघून दुबळा कोण ते ताडतात. 2007 च्या त्या प्रयोगात पाचच मासे होते आणि कसोटीची जोडी तीच, दुसरा आणि चौथा. 2019 मध्ये गांधीलमाश्यांच्या एका प्रकारातही ही क्षमता दिसली. मधमाश्यांना मात्र आधीच्या प्रयोगात ती जमली नव्हती. मेंदूचा आकार दोघींचाही टाचणीच्या डोक्याएवढा. फरक बहुधा संसारात असावा: त्या गांधीलमाश्यांच्या पोळ्यात माद्यांची उतरंड लागलेली असते, मधमाश्यांच्या कामकरी माश्यांत तशी कुस्ती नसते. ज्यांना रोज कोण वरचढ हे बघून वागावं लागतं त्यांच्यात हे कौशल्य आलं असावं, असा एक तर्क आहे आणि मला तो पटतो.

आता या कौशल्याची दुसरी बाजू. मनाला रेषा इतकी सोपी जाते की जिथं रेषा नाही तिथंही ते ओढून मोकळं होतं. कुस्तीत तर हे हमखास होतं. ढाक आणि पट हे दोन डाव घ्या. एकाचा ढाक जबरदस्त, दुसऱ्याला ढाकाची तोड येते पण पट काढणाऱ्यापुढं तो टिकत नाही, आणि तिसरा पट चांगला काढतो पण ढाकावर उडतो. पहिला तिसऱ्याला भारी, तिसरा दुसऱ्याला भारी, दुसरा पहिल्याला भारी. यात वर कोण? कुणीच नाही. हे वर्तुळ आहे. तरी आपण 'तिघांत एक नंबर कोण' यावर पैजा लावतो. निवडणुकीतही असंच वर्तुळ निघू शकतं. मतदारांतल्या प्रत्येकाची पसंती अगदी सरळ असूनही तीन उमेदवारांतल्या जोड्यांचे निकाल फिरून सुरुवातीला येऊ शकतात, हे फ्रान्सच्या काँदोर्सेनं 1785 मध्येच दाखवलं होतं.

म्हणूनच मोठ्या स्पर्धेत पदक अनुमानावर देत नाहीत. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव जपानच्या शोहाची इशी यांच्याकडून आणि सोव्हिएत संघाच्या रशीद ममदबेयोव यांच्याकडून हरले आणि इशींनी ममदबेयोवलाही हरवलं. सुवर्ण, रौप्य आणि खाशाबांचं कांस्य. तिघांच्या एकमेकांशी कुस्त्या झाल्या आणि तिन्ही निकाल एकाच रेषेत बसले. ती रेषा मात्र निकालातून आली, आधी गृहीत धरलेली नव्हती.

या सगळ्याचा रोजच्या जगण्यात सर्वांत उघड उपयोग दिसतो तो सांगली-साताऱ्याच्या अभ्यासिकांत. पोलीस भरती असो की एमपीएससी, बुद्धिमत्ता चाचणीत 'अ हा ब पेक्षा उंच आहे' छापाचे प्रश्न हमखास येतात. हा प्रकार जुना आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ सिरिल बर्ट यांनी 1919 मध्ये मुलांच्या चाचणीत तो वापरला होता आणि पियाजेनं तिथूनच उचलला. असे प्रश्न अवघड करायच्या युक्त्याही ठरलेल्या आहेत आणि त्या मनाच्या रेषेवरच नेम धरतात. एक म्हणजे रेषा टोकापासून बांधू द्यायची नाही. 'अ ब पेक्षा उंच, ब क पेक्षा उंच' वाचताना माणूस वरनं खाली घरंगळत जातो. 'ब अ पेक्षा बुटका, ब क पेक्षा उंच' यात माहिती तीच, पण मधल्यापासून सुरुवात झाली आणि दिशा मधेच फिरली. 1965 मध्ये डीसोटो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की माणसं चांगलं ते वर आणि वाईट ते खाली मांडतात आणि वरनं खाली आलेलं वाक्य त्यांना सोपं जातं. दुसरी युक्ती शब्दांची: 'बुटका', 'हलका', 'कमी' असे शब्द आले की वेळ जास्त लागतो. यावर शिक्षक सांगतात तो उपाय बरोबरच आहे: कागदावर उभी रेघ मारा, प्रत्येक विधान 'उंच'मध्ये फिरवून घ्या आणि नावं रेघेवर बसवा. मन जे आत करतं तेच बाहेर, न विसरता करायचं.

तिसरी युक्ती सगळ्यात वाईट आणि कागदावरची रेघही तिच्यापुढं फसते. 'अ ब पेक्षा उंच. क ब पेक्षा उंच. ड क पेक्षा उंच. तर अ आणि ड मध्ये उंच कोण?' रेघेवर आधी अ बसला, खाली ब. क ला कुठंतरी बसवायचाच म्हणून तो अ आणि ब च्या मधे जातो, कारण जागा तिथं दिसते. मग ड ला अ च्या वर किंवा खाली, जिथं हात जाईल तिथं. उत्तर तयार. प्रत्यक्षात अ आणि क यांच्यात काय नातं आहे हे प्रश्नात कुठंच सांगितलेलं नाही. रेघेवर जागा देताना ते आपणच ठरवून टाकलं आणि ठरवल्याचं ध्यानातही राहिलं नाही. अशा वेळी एक रेघ पुरत नाही. ब पासून दोन फांद्या काढाव्या लागतात, एकीवर अ, दुसरीवर क आणि त्याच्या वर ड. फांद्या वेगळ्या दिसल्या की चौथ्या पर्यायाकडं नजर जाते, तिथं छापलेलं असतं: 'निश्चित सांगता येत नाही'.